टँकरवालीचे वाचक

ज्या अंकात टँकरवालीने ठेकेदाराची बोटं मोडली, त्या अंकावरून आमच्यात पहिल्यांदा आवाज चढले.

टँकरवाली म्हणजे एका मराठी कॉमिकची नायिका. महिन्यातून एकदा नवा अंक मोबाइलवर यायचा. आपल्याकडच्याच एका कोरड्या गावात ती पाण्याचा टँकर चालवायची आणि तिला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. कोणती विहीर आटणार, बोअर कुठे लागेल, कोण चोरून पाणी ओढतंय, हे तिला कळायचं. एवढीच तिची जादू. ती उडत नव्हती. तोंडाला स्कार्फ बांधायची, पण तो उन्हासाठी, नागपूरच्या आम्ही सगळ्या बायका बांधतो तसा. चित्रं कोण काढतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. बाई असावी, असं आम्हाला वाटायचं.

मी एका सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. दिवसभर कॉम्प्युटरवर भिंती, खिडक्या, जिने. माणूस कुठेच नाही. म्हणून असेल कदाचित, टँकरवाली मला फार जवळची वाटायची. तिच्या वाचकांचा एक ग्रुप होता, आणि रविवारी सकाळी सीताबर्डीच्या मागच्या एका जुन्या ग्रंथालयात, वरच्या खोलीत, आम्ही काही जण भेटायचो. ती खोली मिळाली होती ती काकांमुळे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, लहानपणापासून कॉमिक जमवणारे, सगळ्यांना चहा पाजणारे गृहस्थ. दुसरी माझी मैत्रीण. ती काटोलची, घरची संत्र्याची बाग, तिथल्याच शाळेत शिकवायची आणि रविवारी एसटीने खास यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आणि तिसरा तो.

त्याच्याबद्दल तेव्हा मला विचारलं असतं तर मी चांगलंच सांगितलं असतं. पस्तिशीचा, औषधांच्या कंपनीत, कपड्यांना इस्त्री, बोलणं गोड. येताना सगळ्यांसाठी गरम तर्री-पोहे बांधून आणायचा. ग्रंथालयाच्या कूलरचा पंप बंद पडला तर बाह्या वर करून त्यानेच दुरुस्त केला. चित्रंही फार सुंदर काढायचा. मी त्याच्या विनोदांवर हसायचे, कारण ते विनोद खरंच चांगले असायचे.

तर तो अंक. कथेतला पाण्याचा ठेकेदार बरेच महिने टँकरवालीच्या मागे होता. टँकर अडवायचा, आंब्याची पेटी पाठवायचा, तिच्या घरावरून जीप न्यायचा. ती टाळत होती. या अंकात तो सरळ टँकरच्या केबिनमध्ये चढायला बघतो आणि तिच्या मांडीवर हात ठेवतो. पुढच्या तीन चौकटींत एकही शब्द नाही. ती त्याला बाहेर ढकलते. तो दाराची कड धरतो. ती दार ओढून घेते. शेवटी फक्त दार आणि फटीतली बोटं.

त्या रविवारी सगळे एकदम बोलत होते. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "बोटंच काय, मान मोडायला हवी होती." काका मान हलवत होते.

"चूक त्याचीच आहे, वाद नाही," काका म्हणाले. "पण इतकं? ओरडली असती, लोक जमले असते. नायिकेने जरा संयम दाखवायला हवा."

"संयम तं ती कधीची दाखवून राहिली होती, काका," मैत्रीण म्हणाली. "इतके अंक काय करत होती मग? आता त्यानं हात टाकला, तिनं दार लावलं. दार तिचंच होतं ना?"

लोक हसले. तो हसला नाही. त्याने मोबाइलवर जुना अंक काढला आणि सगळ्यांना दाखवला. "हे बघा. इथे ती त्याच्याकडे बघून हसली आहे."

"ते पाणी लागलं म्हणून हसली," मी म्हणाले.

"डोळे बघा ना कुठे आहेत ते." त्याने चौकट मोठी केली. "आणि इथे बघा, तिचे पाय. तोंड दुसरीकडे, पण पाय त्याच्या दिशेला. चित्रकाराने उगाच नाही काढलेलं हे. बाई तोंडाने नाही म्हणते तेव्हा बाकीचं शरीर काय म्हणतंय तेही बघावं लागतं."

मग काका म्हणाले, "निरीक्षण मात्र छान आहे हो तुमचं," आणि चहा आला.

खाली उतरताना मैत्रीण मला म्हणाली, "मले तो माणूस नाही आवडला वं."

"काय झालं? पोहे तर आवडले तुला."

"पोहे चांगले होते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात त्याने ग्रुपवर एक चित्र टाकलं. त्याच तीन चौकटी, पण त्याने नव्याने काढलेल्या. हुबेहूब तीच शैली. त्यात टँकरवाली ढकलत नाही, मान खाली घालते. तो आत बसतो. शेवटच्या चौकटीत दार आतून बंद, काचेवर ऊन, आत काय आहे ते दिसत नाही. खाली कोणीतरी टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते. काकांनी लिहिलं होतं, "हातात जादू आहे." मी काहीच लिहिलं नाही. ती उन्हाची काच मात्र मी पुन्हापुन्हा बघत राहिले.

पुढच्या चित्रात टँकरवालीला चष्मा होता. मूळ कॉमिकमध्ये तिला चष्मा नाही. मला आहे. हनुवटीखाली तीळही होता, माझ्यासारखाच, त्याच बाजूला. ग्रुपवर एकाने लिहिलं, "ही तर आपल्या ताईसारखी दिसते!" त्यावर त्याने फक्त एक हसरा चेहरा टाकला. मी त्याला वेगळा मेसेज केला की माझं चित्र काढू नका. त्याचं उत्तर लगेच आलं. "तुमचं कुठे, मॅडम? टँकरवालीचं आहे. पण तुम्हाला स्वतःसारखी वाटली, हे वाचून बरं वाटलं."

मे महिना सुरू झाला होता. ऑफिसच्या कोपऱ्यावर ऑटोची वाट बघत मी उभी होते, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल. माझ्या आजूबाजूला तशाच दहा जणी असतील. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. बाइक थांबवून तो म्हणाला, "सोडू का बेसाला, घरी?"

"तुम्ही ओळखलं कसं?"

"चालण्यावरून," तो म्हणाला. "तू डावा पाय जरा दाबून टाकतेस."

मॅडमची तू कधी झाले, ते मला कळलं नाही. मी ऑटोत बसले. मागे वळून बघितलं नाही, पण सारा रस्ता मला माझा डावा पाय जाणवत होता. त्याआधी मी कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

मग गेटचं चित्र आलं. टँकरवाली एका बिल्डिंगच्या गेटमधून बाहेर येते आहे, असं ते होतं. गेटच्या जाळीत सूर्याचं नक्षीकाम, त्यातला एक किरण तुटलेला. वर गच्चीवर दोन टाक्या, एक काळी, एक पांढरी. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेली आईची साडी. ते आमचं गेट होतं. मी बेसाला राहते हे ग्रुपमध्ये माहीत होतं. बिल्डिंग कोणती, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

माझं कामच नकाशांचं. चित्र बघताच कळलं की बघणारा कुठे होता. नजर खालून वर जात होती, जरा डावीकडून, बसलेल्या माणसाची. आमच्या समोर एका अर्धवट राहिलेल्या घराचं बांधकाम बरीच वर्षं पडून आहे. त्याच्या पायऱ्यांवरूनच आमचं गेट तसं दिसतं.

दुपारी मी तिथे गेले. नागपुरात मेच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळ्या घरांची दारं बंद, फक्त कूलर घरघरताहेत, आणि गरम वारा सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या इकडून तिकडे ओढतोय. पायऱ्यांवर धुळीचा थर होता, एका पायरीवर मात्र नव्हता. तिथे कागदी चहाचे कप एकात एक घालून नीट ठेवले होते. बाजूला पेन्सिलीची सालं. ताजी आणि जुनी, वाऱ्याने कोपऱ्यात जमा केलेली, बरीच. मी तिथे बसून पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. आई ओट्यापाशी उभी होती, मला चेहऱ्यासकट दिसत होती. तिला मी दिसत नव्हते.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू जाणंच बंद कर तिकडे. कशाला हवंय ते कॉमिक?" वडिलांनी खिडकीला पडदा लावला.

मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती बागेत होती, मागे मोटरपंपाचा आवाज येत होता. "तू काहून बंद करतं?" ती म्हणाली. "बंद तं त्याचं झालं पाहिजे. रविवारी सगळ्याइसमोर विचार त्याले. मी हाये ना."

रविवारी मी विचारलं. मोबाइल टेबलावर ठेवला, चित्र उघडलं आणि म्हटलं, "हे माझ्या घराचं गेट आहे. तुम्ही समोरच्या बांधकामावर बसून हे काढलं. का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो जराही गडबडला नाही.

"बेसाला माझी मावशी राहते. जाता-येता गेट दिसलं, नक्षी आवडली. कोणाचं आहे ते मला काय माहीत?"

"तिथे पेन्सिलीची सालं पडली आहेत."

"नागपुरात पेन्सिल मी एकटाच वापरतो का?"

दोघं-तिघं हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, अवघडलेले होते म्हणून हसले असतील. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, कलाकार माणूस आहे. तुला अपमान वाटला असेल, तर तो माफी मागेल. हो ना?"

"अगदी," तो म्हणाला. "सॉरी." आणि पोह्यांची पिशवी उघडली.

मैत्रीण उठली. "चाल वं," म्हणाली आणि तरातरा खाली गेली. मी पर्स, पाण्याची बाटली घेतली आणि तिच्या मागे निघाले. ग्रंथालयाचा जिना अरुंद, मध्ये वळण, वळणावर दिवसाही अंधार. मी वळणापर्यंत आले आणि मागून माझं मनगट कोणीतरी धरलं.

"ऐकून तर घे," तो म्हणाला. आवाज हळू, जवळजवळ प्रेमळ.

"हात सोडा."

"सगळ्यांसमोर चोर ठरवलंस मला. मी काही बोललो? आता फक्त एकदा हस. पूर्वी हसायचीस ना तसं. हसून दाखव, सोडतो."

त्याचा अंगठा माझ्या नाडीवर होता. मला आठवतं, तेव्हा टँकरवाली माझ्या डोक्यात नव्हती. दार नाही, बोटं नाहीत. मला फक्त एवढं कळत होतं की तो माझा चेहरा वाचतो आहे, आणि माझी भीतीसुद्धा तो स्वतःला हवी तशीच वाचणार. दुसऱ्या हातात स्टीलची बाटली होती, भरलेली. मी ती त्याच्या तोंडावर मारली.

आवाज फार मोठा झाला नाही. तो पायरीवर बसला. पांढऱ्या शर्टवर रक्त पडायला लागलं, आणि तो नाकाला हात लावून ते बघत राहिला. खरंच आश्चर्य वाटल्यासारखा. त्याला अपेक्षाच नव्हती. मी पळाले.

कोपऱ्यावरच्या रसवंतीत मैत्रिणीने मला बसवलं. ग्लास धरून उसाचा रस पाजला. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. तिने माझ्याच मोबाइलने त्याचे फोटो काढले. "असू दे," म्हणाली. "लोक इसरतात."

लोक विसरले नाहीत, पण त्यांना आठवलं ते वेगळंच. मी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर चर्चा सुरू झाली होती. काकांनी लिहिलं होतं, "हात धरणं चूकच. पण स्टीलची बाटली, तीही तोंडावर? नाकाचं हाड सरकलंय त्याच्या." कोणी लिहिलं, "ती त्याच्याशी किती हसून बोलायची, आपण सगळ्यांनी पाहिलंय." ठेकेदाराची मान मोडायला निघालेला तो इंजिनिअर लिहीत होता, "कॉमिक वेगळं, खरं आयुष्य वेगळं. आपण समजूतदारपणे वागायला हवं." एका बाईने "बरं केलं" असं लिहिलं आणि थोड्या वेळाने पुसून टाकलं. मी पलंगावर बसून वाचत होते आणि मला वाटलं, मी ग्रंथालयातल्या त्या टेबलावर पडले आहे. कोणीतरी माझी चौकट मोठी करून बघतंय. डोळे कुठे होते, पाय कुठे होते.

मैत्रिणीने एकच ओळ लिहिली. "मनगट कोणाचं होतं?" आणि ग्रुप सोडला. तिच्या मागे मीही.

आईने मनगट बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, सांगितलं होतं ना. ती म्हणाली, "बाटली धुतलीस का?" मी नाही म्हटलं. तिने ती स्वतः घासली, राखेने, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण सुट्टी टाकून काटोलहून आली आणि आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या हवालदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कॉमिक म्हणजे ते लहान मुलांचं?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. गेटचं चित्र दाखवलं, वळांचे फोटो दाखवले. त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साडी पण काढली आहे," आणि लिहायला घेतलं. त्याला बोलावलं गेलं. त्याने सांगितलं की जिन्यावर पाय घसरून पडलो, बाईंचा गैरसमज झालाय. समज देऊन सोडला. त्याने माझ्याविरुद्ध काही तक्रार केली नाही. याबद्दल त्याचं मोठं मन लोकांना फार दिसलं, असं नंतर कानावर आलं.

त्या उन्हाळ्यात वडील रोज संध्याकाळी फिरायला जायला लागले. एकदा गॅलरीतून बघितलं तर ते समोरच्या बांधकामावर, त्याच पायरीवर बसले होते. हात मांडीवर, नजर रस्त्यावर. पाऊस सुरू झाला तरी छत्री घेऊन जात.

टँकरवाली वाचणं मी सोडलं नाही. पुढच्या अंकात ठेकेदार हाताला पट्टी बांधून गावात फिरतो आणि लोक त्याला विचारतात, दुखतं का हो? तिला मात्र कोणी टँकर भरायला पाणी देत नाही. तिची गोष्ट काढणाऱ्या बाईला हे सगळं कसं माहीत, असं वाटून माझ्या अंगावर काटा आला.

थंडीत एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "ऐक. त्यानं नवीन ग्रुप काढला. कॉलेजातल्या पोरींसाठी. टँकरवालीचे वाचक म्हणून. या रविवारी पहिली भेट हाये."

आम्ही गेलो. एका चित्रकलेच्या क्लासची जागा होती, खाली सतरंजी, भिंतीला टेकून बसलेल्या पाच-सहा मुली. तो अजून आला नव्हता. एक मुलगी सरकून जागा देत म्हणाली, "ताई, तुम्ही पण फॅन का?"

"हो," मी म्हणाले. येताना ऑटोत ठरवलेली वाक्यं सगळी गेली. मग मी सरळ सुरुवातीपासून सांगितलं. चष्मा, तीळ, गेट, पायऱ्या, जिना, बाटली. कमीजास्त काही केलं नाही. मी त्याच्या विनोदांवर हसायचे, तेही सांगितलं. मुली ऐकत होत्या. एकीने हळूच आपला मोबाइल काढला आणि शेजारणीला काहीतरी दाखवलं. टँकरवालीचं एक चित्र होतं. टँकरवालीची वेणी आता त्या शेजारणीच्या वेणीसारखी होती, लांब, पुढे घेतलेली.

"मले वाटलं छान काढलं," ती वेणीवाली मुलगी म्हणाली.

तेवढ्यात तो दारात आला. हातात नाश्त्याची पिशवी. मला बघून थांबला, मग मैत्रिणीला बघितलं, मग त्या मुलींना, एकेकीला. सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. नाक जरा वाकडं बसलं होतं.

"अरे वा," तो म्हणाला. "जुने वाचक पण आलेत." चेहरा अगदी प्रसन्न. मग खिशातला मोबाइल काढला, वाजला नव्हता तरी, आणि "एक मिनिट" म्हणत बाहेर गेला. बाइक सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्याचा ग्रुप मोडला, पण मुलींनी आपला वेगळा केला. मी आणि मैत्रीण त्यात आहोत. अंक येतो, भांडणं होतात, टँकरवालीने काय करायला हवं होतं यावर पोरी तासन्‌तास लिहितात. तो नागपुरातच आहे, असं ऐकते. परवा ग्रुपमध्ये यायला एका अनोळखी माणसाने विचारलं. फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं टिंब. "मी जुना वाचक आहे," एवढंच त्याने लिहिलं होतं. लांब वेणीच्या त्या मुलीने कोणाला विचारलं नाही, नाही म्हणून टाकलं.

कोण होता कोण जाणे. एखादा साधा वाचकही असेल.